हवेची पिशवी की जेल? रोजच्या बुटात कुशन घालताना आधार आणि माप कसं सांभाळावं

प्रश्न मुंबईतल्या ठक्कर बाप्पा कॉलनीतल्या एका छोट्या कारखानदाराचा आहे. थोडक्यात असा: "आम्ही पुरुषांचे कॅज्युअल स्नीकर आणि चालण्याचे सँडल बनवतो. दुकानदार 'एअर' नाहीतर 'जेल' असलेला माल मागतात. बाजारातलं तयार एअर पॅड इनसोलखाली, म्हणजे बुटातल्या आतल्या गादीखाली, टाकून पाहिलं. पहिल्या दिवशी गिऱ्हाईक खूश असतं, पण पंधरा दिवसांत तक्रारी येतात. घोटा कलतो, टाच निसटते, वरून बूट आवळतो. हवा बरी, जेल बरं की द्रव? कुठे घालावं आणि किती?"

तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. पॅड तुम्ही तयार बुटात वरून टाकलंत, त्याच्यासाठी बुटात घर केलं नाहीत. हवा असो की द्रव, त्याला स्वतःचा आकार नसतो. पायाला आधार मिळतो तो पिशवीच्या भिंतींकडून, तिच्या भोवतीच्या फोमकडून आणि लास्टकडून, म्हणजे ज्या पायाच्या आकाराच्या ठोकळ्यावर बूट बेततात त्याच्याकडून. माझं बाकीचं सगळं उत्तर या एका गोष्टीभोवती फिरणार आहे.

आधी घोटा का कलतो ते बघू. चालताना बहुतेकांची टाच मागच्या बाजूला, जराशी बाहेरच्या कडेवर टेकते. पिशवी एकसंध असेल, म्हणजे आत आडभिंत नसेल, तर बाहेरच्या कडेवर भार आला की आतला माल सरकून आतल्या बाजूला जातो. दुधाची पिशवी एका टोकाला दाबली की दुसरं टोक फुगतं, तसंच. बाहेरची बाजू खचते, आतली उचलली जाते आणि टाच होती त्यापेक्षा जास्त कलते. बंद पिशवीत दाब सगळीकडे सारखाच असतो, त्यामुळे खचलेली बाजू परत वर ढकलायला काहीच नसतं. फोमचं तसं नाही. फोम जिथे जास्त दाबला जातो तिथेच जास्त विरोध करतो, म्हणून तो पायाला सरळ ठेवतो. तुमच्या पॅडचा दर्जा चांगला असला तरी हे होणारच. गिऱ्हाइकाला ते पहिल्या दिवशी कळत नाही, कारण दुकानात उभं राहून फक्त मऊपणा जाणवतो.

यावरचा इलाज आपल्या टाचेतच आहे. टाचेखालची चरबीची गादी साधारण पावणेदोन ते दोन सेंटिमीटर जाड असते, आणि ती सलग नसते. चिवट तंतूंच्या भिंतींनी तिचे छोटे छोटे कप्पे पाडलेले असतात आणि चरबी त्या कप्प्यांत कोंडलेली असते. भार आला की ती दबते, पण बाजूला पळून जाऊ शकत नाही. वय वाढतं तशी ही गादी आपली लवचीकता गमावते आणि पातळ झाली की टाच दुखू लागते. बुटाची टाचेची वाटी खोल असेल, टाचेला मागून धरणारं काउंटर ताठ असेल, तर ही गादी चहूबाजूंनी धरली जाते आणि टाचेखाली जाड राहते. म्हणून माझा आग्रह असतो की कुशनचा विचार करण्याआधी वाटी नीट करा. सपाट इनसोलच्या जागी १० ते १२ मिलिमीटर खोल वाटीचा साच्यातला इनसोल टाकलात तर निम्मं काम तिथेच होतं, आणि त्याला ना हवा लागते ना जेल.

आता हवा, द्रव आणि जेल यांतला फरक. दुकानात तिन्ही एकाच नावाने विकतात, पण कामं वेगळी आहेत. वायू दबतो आणि सोडला की परत येतो, म्हणून धक्का सोसायला तो योग्य. द्रव जवळपास दबतच नाही, फक्त जागा बदलतो. त्यामुळे धक्का शोषायला तो फारसा उपयोगी नाही, पण पायाच्या आकाराशी जुळवून घेण्यात त्याच्यासारखं दुसरं काही नाही. म्हणजे द्रव मापासाठी, वायू धक्क्यासाठी. बाजारातलं 'जेल' बहुतेक वेळा सिलिकॉनचं किंवा पीयूचं (पॉलियुरेथेनचं) मऊ घन असतं, ते वाहत नाही. पण त्याचंही घनफळ बदलत नाही, ते फक्त बाजूंना फुगतं. इथे बरेच कारखाने फसतात. जेलचा तुकडा नेमका बसेल अशा खाचेत घट्ट बसवला की त्याला फुगायला जागाच उरत नाही आणि तो साध्या रबराच्या ठोकळ्यासारखा कडक लागतो. जेल वापरायचं तर त्याला आरपार भोकं किंवा खालून खाचा ठेवा आणि खाचेच्या कडेला दोनेक मिलिमीटर मोकळी जागा सोडा. वजनाचाही हिशेब करा. ३० मिलिलीटर सिलिकॉन म्हणजे जवळपास ३० ग्रॅम, तेवढ्याच जागेतला हलका ईव्हीए फोम साडेचार-पाच ग्रॅम. दिवसभर पाय उचलणाऱ्याला हा फरक जाणवतो.

हवेचा हिशेब कागदावर मांडून बघण्यासारखा आहे. ७० किलोचा माणूस चालतो तेव्हा जमिनीवरचा सर्वांत जास्त भार त्याच्या वजनापेक्षा जरा जास्त, ८० किलोच्या आसपास भरतो. टाचेखालची पिशवी २५ चौरस सेंटिमीटर आणि १२ मिलिमीटर उंच धरा. सगळा भार एकट्या पिशवीवर आला तर आतला दाब चौरस सेंटिमीटरला ३.२ किलोने वाढायला हवा. पिशवीत साधी वातावरणाइतकीच हवा असेल, म्हणजे साधारण १ किलो, तर बॉइलच्या नियमाने (दाब जितक्या पट वाढतो, घनफळ तितक्या पट घटतं) तिचं घनफळ चौथा हिस्सा होईपर्यंत ती दबत जाणार. १२ मिलिमीटरचे उरतात जेमतेम तीन. बाजू फुगल्या तर तेवढेही नाहीत, टाच तळाला टेकते. तीच पिशवी १ किलो जादा दाबाने भरली तर पावणेसहा मिलिमीटर उरतात. आता तिसरा प्रकार करून बघा. हवा साधीच ठेवा, पण भोवती फोमची अशी भिंत द्या की निम्मा भार ती घेईल. पिशवीवर आले ४० किलो, दाब वाढला १.६ किलोने, आणि उरले साडेचार मिलिमीटरहून जरा जास्त. म्हणजे दाब न भरताही काम जवळपास तेवढंच झालं, आणि फोमची भिंत पायाला सरळ धरून ठेवते हा फायदा वरती.

दाबाखालची पिशवी कारखान्याला किती महाग पडते हे तिच्या इतिहासावरून कळतं. अमेरिकेतले विमान-अवकाश क्षेत्रातले अभियंता मॅरियन फ्रँकलिन रूडी यांनी १९७७ मध्ये ही कल्पना नायकेकडे नेली आणि १९७८ च्या शेवटी 'टेलविंड' हा धावण्याचा बूट आला. पातळ फिल्ममधून वायू हळूहळू झिरपतो ही मोठी अडचण होती. रूडी यांनी मोठ्या रेणूंचे वायू भरले, त्यांत सल्फर हेक्साफ्लोराइडही होता. मोठा रेणू बाहेर पडायला फार वेळ लावतो, आणि दरम्यान बाहेरचा नायट्रोजन-ऑक्सिजन आत शिरतो, त्यामुळे सुरुवातीला पिशवीतला दाब उलट वाढतो. ही युक्ती मला आजही थक्क करते. पण हा वायू पृथ्वीचं तापमान वाढवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजार पटींहून प्रबळ आहे. नायकेला तो सोडून नायट्रोजनवर यायला २००६ उजाडलं, आणि त्यासाठी अनेक थरांची, वायू अडवणारी नवी फिल्म लागली. ती फिल्म, ते वेल्डिंग आणि गळतीची तपासणी हे दीड-दोन हजारांना विकायच्या बुटात बसत नाही. बसवायला जाऊही नका.

१९८७ च्या 'एअर मॅक्स १' मध्ये टिंकर हॅटफील्ड यांनी पिशवी दिसावी म्हणून सोलच्या बाजूला खिडकी पाडली. पॅरिसच्या पाँपिदू केंद्राचे नळ आणि सांगाडा इमारतीच्या बाहेरून दिसतात, त्यावरून त्यांना हे सुचलं होतं. दुकानदाराला तुमच्याकडून हवी आहे ती हीच खिडकी. पण तिच्या वर, मागे आणि पुढे फोम आहे, तोच भार वाटून घेतो. स्वस्त नकलेत फोम पातळ करून खिडकी मोठी करतात आणि बूट हलायला लागतो.

तुमच्या मालासाठी अनुकरण करायचंच तर मी एका जुन्या बुटाकडे बोट दाखवीन. जर्मन डॉक्टर क्लाउस मार्टेन्स यांचा घोटा १९४५ मध्ये दुखावला, तेव्हा त्यांनी स्वतःसाठी हवेच्या कप्प्यांचा सोल तयार केला. पुढे इंग्लंडमधल्या वोलस्टनच्या ग्रिग्ज कुटुंबाने तो घेतला आणि १ एप्रिल १९६० ला १४६० क्रमांकाचा बूट बाजारात आणला. त्यात दाबाने भरलेला कुठलाच वायू नाही. सोलच्या आत उभ्या पडद्या आहेत, त्यांच्यामध्ये साधी हवा कोंडलेली आहे आणि कडा उष्णतेने बंद केल्या आहेत. भार पडद्या घेतात, हवा त्यांना साथ देते. रोजच्या चालण्याच्या बुटाला एवढं पुरतं, आणि तुमच्या सोलवाल्याला ते साच्यात काढता येतं.

तेव्हा तुमच्या स्नीकरसाठी माझी शिफारस अशी. मिडसोल, म्हणजे सोलचा मधला थर, ईव्हीए फोमचा, ॲस्कर सी या कडकपणाच्या मोजमापाने ५० च्या आसपास. टाचेत आतून पोकळी, तिच्यात टीपीयू या लवचीक प्लास्टिकचं ब्लो-मोल्डिंग केलेलं (साच्यात हवेने फुगवून काढलेलं) बंद कुशन, १० ते १२ मिलिमीटर उंच, आतून दोन-तीन खांब किंवा आडभिंती असलेलं. आतल्या आणि बाहेरच्या बाजूचा कप्पा वेगळा ठेवा, मधे जोड देऊ नका. आतल्या बाजूचा फोम चार-पाच अंकांनी कडक ठेवता आला तर ज्यांचा पाय आत ढळतो त्यांना सांभाळून घेतलं जातं. कुशन कमानीच्या मागेच संपवा. चवड्याची वाकणारी रेघ ओलांडून कुठलीही वेल्ड जाता कामा नये. माणूस दिवसाला सहा हजार पावलं चालला तर एका बुटावर वर्षाला जवळपास अकरा लाख वेळा भार येतो आणि तितक्याच वेळा चवडा वाकतो. वेल्ड पहिली तिथेच सुटते. हवा भरायचं नाळकं असेल तर त्याचं बंद केलेलं तोंडही वळणाच्या जागी येऊ देऊ नका, कमानीकडे वळवा. पीव्हीसी फिल्म स्वस्त मिळते, पण तिच्यातलं मऊ करणारं तेल कालांतराने बाहेर येतं, फिल्म कडक होते आणि चिकटवलेला जोडही सुटतो. टीपीयूच घ्या. ईव्हीए चिकटवताना यूव्ही प्रायमर, म्हणजे जोड पक्का धरावा म्हणून आधी लावायचा थर, वाचवू नका.

कुशन सोलच्या कडेपासून निदान १५ मिलिमीटर आत ठेवा. याचं कारण परदेशी पुस्तकांत सापडणार नाही. आपल्याकडे नवीन बूट घेतला की कितीतरी लोक तो आधी चांभाराकडून कडेने शिवून घेतात. शहाणपणाचीच सवय आहे ती, बूट टिकतो. पण आरी सोलच्या कडेने आरपार जाते आणि कडेपर्यंत आलेली पिशवी पहिल्याच टाक्याला फुटते. तुमचं स्वतःचं साइड स्टिचिंग असेल तर सुईची रेघ ड्रॉइंगवर आधी काढा आणि कुशन त्यानंतर.

टाच निसटणं आणि वरून आवळणं या दोन तक्रारी मापाच्या आहेत. समजा, तयार लास्टवर बेतलेल्या अप्परमध्ये (बुटाच्या वरच्या भागात) तुम्ही ४ मिलिमीटरचं पॅड घातलंत. पाय ४ मिलिमीटर वर आला. दोन्ही बाजूंनी मिळून चवड्याच्या घेरातले जास्तीत जास्त ८ मिलिमीटरपर्यंत खाल्ले गेले. इंग्रजी पद्धतीत एका रुंदीपासून पुढच्या रुंदीपर्यंत घेराचा फरक पाव इंच, म्हणजे साडेसहा मिलिमीटरच्या आतबाहेर असतो. म्हणजे बुटाच्या पेटीवरचं माप तेच राहिलं, पण पायाला बूट एक रुंदी लहान झाला. आणि टाच काउंटरच्या वर सरकली, म्हणून निसटते. लास्टवाल्याला सांगून कुशन आणि इनसोलची जाडी लास्टच्या तळात धरून घ्या, किंवा सगळी जाडी मिडसोलच्या पोकळीत खाली उतरवा आणि पाय ज्या उंचीवर होता तिथेच ठेवा. दुसरा मार्ग तुमच्यासाठी स्वस्त आहे.

लास्टचं निघालंच आहे तर एक गोष्ट सांगतो. आपल्याकडचे बहुतेक लास्ट युरोपीय पायावरून आलेले आहेत. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभर एक लाखाहून जास्त लोकांच्या पायांची मापं घेतली, आणि भारतीय पाय चवड्याला रुंद आहे हे त्यातून पुढे आलं. 'भा' ही मापपद्धत त्याच कामातून निघाली. आपलं गिऱ्हाईक चवडा आवळतो म्हणून एक नंबर मोठा बूट घेतं, मग बूट लांब होतो, वाकायची रेघ पुढे जाते आणि कुशन टाचेच्या नेमक्या खाली राहत नाही. मऊ पॅडने हे झाकता येत नाही. रुंद लास्ट घ्या, मग कुशनवर खर्च करा.

द्रवाचा खरा उपयोग मला घोट्याच्या कॉलरमध्ये आणि बुटाच्या जिभेत, म्हणजे नाड्यांखालच्या पट्टीत, दिसतो. १९८९ च्या 'रीबॉक पंप' ने हेच हवेने केलं होतं. जिभेवरचा गोळा दाबून घोट्याभोवतीच्या पिशव्या फुगवायच्या आणि बूट पायाला घट्ट बसवायचा. तो कुशन म्हणून नव्हता, मापासाठी होता. तुम्हाला पंप लावायची गरज नाही. कॉलरच्या मागच्या बाजूला, टाचेच्या शिरेच्या दोन्ही अंगांना जो खोलगट भाग असतो, तिथे दोन छोट्या पातळ पॉकेटांत घट्ट सिलिकॉन तेल किंवा अगदी मऊ जेल घातलंत तर टाच निसटणं थांबतं. पाय संध्याकाळपर्यंत थोडा सुजतो, तेव्हा हा माल बाजूला सरकून जागा करून देतो. पॉकेट फार भरू नका. साठ-सत्तर टक्के भरलेलं असलं की ते आकार घेतं, गच्च भरलं की चावतं. सँडलमध्ये मात्र द्रव नको. उघड्या पट्ट्यांतून आलेला खडा-काटा ते फोडणार.

हवामानाकडे दुर्लक्ष झालं तर वरची सगळी मेहनत वाया जाते. पॉलिएस्टर जातीचा पीयू दमट हवेत पाणी शोषून तुटतो. कोकणात, मुंबईत पेटीत जपून ठेवलेल्या बुटाचा सोल दोन-तीन पावसाळ्यांनी हाताला चुरा होऊन येतो, तो यामुळेच. पीयू घ्यायचाच झाला तर पॉलिइथर जातीचा घ्या आणि पुरवठादाराकडून तसं लेखी घ्या. टीपीयूलाही हाच नियम लावा. नमुने ७० अंश तापमानाला आणि ९५ टक्के आर्द्रतेत एक आठवडा ठेवून मग वाकवून बघा. उष्णतेने बंद पिशवीतला दाब फार वाढत नाही. २५ अंशांवरून ५० अंशांवर गेलो तर आठ-नऊ टक्के. विदर्भातल्या उन्हाळ्यात गाडीत राहिलेल्या बुटाचं नुकसान होतं ते चिकटपदार्थ मऊ पडल्यामुळे.

आणखी एक गोष्ट पेटीवर छापण्याआधी नीट समजून घ्या. 'एअर' किंवा 'जेल' पाहून मधुमेही माणसं बूट घेतात. ज्यांच्या तळपायाची संवेदना गेली आहे त्यांना पॅडची कड, घडी किंवा फुटलेली पिशवी टोचते तेही कळत नाही आणि जखम होते. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या पायांवर केलेल्या कामातून सूक्ष्म छिद्रांच्या रबराची, म्हणजे एमसीआरची सपाट गादी आणि तळाशी दाबाची वाटणी यांचं महत्त्व पुढे आलं. असंवेदनशील पायासाठी आजही तोच पाया भरवशाचा आहे. तुमचा बूट चांगला झाला तरी 'मधुमेहींसाठी' असं त्यावर लिहू नका. तो बूट पाय मोजून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली करायचा असतो.

तपासणीसाठी महागडं यंत्र लागत नाही. कारखान्यात उभं ड्रिल मशीन असेल. त्याच्या टेबलावर १०० किलोचा वजनकाटा ठेवा, काट्यावर बूट, आणि चकमध्ये टाचेच्या आकाराचा लाकडी ठोकळा. मशीन बंद ठेवूनच हाताच्या दांड्याने ठोकळा खाली आणा आणि दर दोन मिलिमीटरला काटा वाचून लिहा. आकडे हळूहळू चढत गेले तर कुशन काम करतंय. एखाद्या ठिकाणी एकदम उडी मारली तर तिथे टाच तळाला लागली, आणि ती जागा ८० किलोच्या आधी आली तर भिंत वाढवा. मग ठोकळा टाचेच्या मध्यापासून १० मिलिमीटर बाहेरच्या कडेला सरकवा आणि पुन्हा दाबा. मागून बघा. बूट सरळ खाली गेला पाहिजे. बाहेरची कड खचून आतली वर आली तर कप्पे नीट वेगळे झालेले नाहीत, नमुना परत पाठवा. हे दोन्ही प्रयोग आज तुमच्याकडे पडलेल्या पॅडच्या बुटावर आधी करा, म्हणजे तुलनेला आकडे हाताशी राहतील. आणि बाजारातला एखादा चांगला, वापरून टाकलेला एअर बूट मिळाला तर करवतीने टाचेतून उभा कापून बघा. आतल्या पडद्या, फोमची जाडी, वेल्डची रुंदी सगळं समोर दिसतं आणि सोलवाल्याशी बोलताना नेमकं काय मागायचं ते कळतं.

पहिली ऑर्डर एकाच मापाची काढा, आठ किंवा नऊ नंबरची, आणि दिवसभर उभं राहणाऱ्यांना घालायला द्या: दुकानातले सेल्समन, कंडक्टर, सुरक्षारक्षक. महिन्याने बूट परत मागवून आउटसोलची झीज बघा. बाहेरच्या कडेची झीज आधीच्या साध्या मॉडेलपेक्षा जास्त निघाली तर खिडकीचा साचा बनवायचं थांबवा आणि टाचेच्या भिंतीकडे परत या.